फोकसमधला माणूस

लग्नाचा अल्बम अकोल्याहून आला तेव्हा सुभद्राबाई वर एकट्याच होत्या. गजेंद्र खाली क्लास घेत होता आणि सून आरती दळण आणायला गेली होती. कुरिअरवाल्याच्या हातून तो जड खोका घेऊन त्यांनी दिवाणावर ठेवला. पोरं आल्यावरच उघडू असं ठरवलं, आणि थोड्याच वेळात कात्रीनं पट्टी कापली.

त्यांचं घर अमरावतीच्या राजापेठेत. नवरा पाटबंधारे खात्यात होता. तो अचानक गेला तेव्हा गजेंद्र शाळेत होता. त्या दिवसापासून या बाईनं एकटीनं पोराला वाढवलं, शिकवलं, आणि ते करता करता जगावर विश्वास ठेवायची सवय मोडून टाकली. दूधवाला असो, भाडेकरू असो की सख्खा दीर, सगळ्यांकडे त्या जरा तिरक्या नजरेनंच बघत. कोणी फार गोड बोलून राहिला की याच्या पोटात काहीतरी आहे, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं. गजेंद्र आता बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवत असे. तळमजल्यावर क्लास, बाहेर निळी पाटी, ‘फोकस फिजिक्स’. दिवसभर त्याचा आवाज जिन्यातून वर येई. फोकस ठेवा, फोकस हलला की मार्क गेले. भिंगातून गेलेले किरण जिथं एकत्र येतात तो फोकस, हेही सुभद्राबाईंना ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

अल्बमची सुरुवातीची पानं चांगली होती. हळद, मेंदी, गजेंद्र घोड्यावर. मग अक्षतांचं पान आलं. पिवळ्या शालूतली आरती मधोमध उभी, पण तिचा चेहरा धुरातून पाहिल्यासारखा. आणि तिच्या खांद्यामागं एक माणूस मात्र लख्ख. खुरटी पांढरी दाढी, काळी टोपी, हातात दांड्यावर लावलेला फोकस. मिरवणुकीत आणि मांडवात उजेड पाडायला लागतो तो दिवा, त्याला सगळ्या वऱ्हाडात फोकसच म्हणतात. त्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या दिसत होत्या, दाढीतला केस न् केस दिसत होता.

सुभद्राबाईंना वाटलं, आपलाच डोळा. मागच्या वर्षी मोतीबिंदू काढला होता. त्यांनी चष्मा पदरानं पुसला आणि पान उलटलं. पुढचा गजेंद्रचा फोटो काचेसारखा स्वच्छ. त्याच्या पुढं पुन्हा आरती एकटी, पुन्हा तिचा चेहरा पुसट आणि मागं तोच माणूस रेखीव. पाठवणीच्या फोटोतही तो होता. फाटकाजवळ उभा, डावा हात बाजूला आडवा धरलेला, जणू कोणाला तरी अडवून राहिला आहे, आणि डोळे आरतीवर.

त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

गजेंद्र वर आला तसा त्यांनी अल्बम त्याच्यासमोर सरकवला. "हे पाय. कोण हाय हा?"

"लाइटवाला असन," तो म्हणाला. "फोकस मागं गेला, आई. कॅमेरा कधी कधी मागचा चेहरा पकडते."

"तुह्या फोटोत नाही गेला मागं. ती एकटी असली का मगच जाते?"

"आता कॅमेऱ्याले काय विचारू मी?" असं म्हणून त्यानं अल्बम मिटला आणि कपाटावर ठेवून दिला. एरवी वर्तमानपत्रातली चूकसुद्धा दहादा दाखवणारा पोरगा. सुभद्राबाईंनी ते ध्यानात ठेवलं.

संध्याकाळी आरतीनं स्वतःच अल्बम खाली काढला. सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. अक्षतांच्या पानावर ती थांबली, बराच वेळ थांबली. त्या दाढीवाल्याच्या चेहऱ्यावरून तिनं अंगठा फिरवला, धूळ पुसावी तसा.

"कसे आले वो फोटो?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"छान आले, आई."

स्वतःचं तोंड दिसत नाही आणि फोटो छान! भाकरी तव्यावर करपली तेव्हा त्या भानावर आल्या.

त्यानंतर त्यांचं घरातलं लक्ष दुसऱ्या कशात राहिलंच नाही. आरती फोन घेऊन गच्चीवर जायची. एकदा वाळवणाचं निमित्त करून त्या जिन्यात उभ्या राहिल्या. आरती हळू आवाजात बोलत होती. "फोकस आला का आता? दोन्हीकडं सारखा? उन्हात जाऊ नका बरं, आन् धूळ लागू देऊ नका. मी येतो ना पुढच्या आठवड्यात."

"कोणाचा फोन?" ती खाली आल्यावर त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीचा."

"मैत्रिणीले ‘जाऊ नका’ म्हणते?"

"वयानं मोठी हाय ती," आरती म्हणाली आणि दळणाचे डबे आवरायला लागली. डबे आधीच आवरलेले होते.

पुढच्या आठवड्यात ती खरोखरच अकोल्याला गेली. आईचा गुडघा दुखून राहिला, असं सांगून. दोन महिन्यांत तिसरी खेप. ती गाडीत बसली असेल तेवढ्यात सुभद्राबाईंनी विहिणीला, आशाबाईंना, फोन लावला. "गुडघा कसा हाय, ईनबाई?"

पलीकडे आशाबाई गोंधळल्या. मग, "कोणाचा गुडघा? हो, गुडघा. बरा हाय आता."

मग त्यांनी बडनेऱ्याच्या नत्थुजींना गाठलं. हे रेल्वेतून रिटायर झालेले लांबचे दीर, आणि सोयरीक यांनीच जुळवलेली. "खरं सांगा, पोरीचं आधी काही होतं का?"

"नाही वो वहिनी. असं सोनं तुमाले दिवा घेऊन शोधलं तरी..."

"फोकनाड नका मारू, नत्थुजी. सरळ सांगा."

"तवा सांगितलं तेच सांगतो. पोरगी चांगली, माय चांगली. पोरीले वडील नाहीत. एवढंच." आणि त्यांनी कोणीतरी बोलावतंय म्हणून फोन ठेवला.

पुराव्याला हाती काही नव्हतं, पण संशयाला तेवढं पुरत होतं. आधी त्यांना वाटलं, लग्नाआधीचं प्रकरण असेल. पण एवढ्या वयाच्या माणसाशी? मग वाटलं, हा पोरीला कशावरून तरी धाकात ठेवत असेल, तिचं काहीतरी त्याच्या हातात असेल. पोरगी भिऊन त्याला जपत असेल. जेवताना त्या सुनेच्या चेहऱ्यावर भीती शोधत. भीती सापडत नव्हती, आणि त्यानं त्या अधिकच अस्वस्थ होत.

एका दुपारी डोळ्यात थेंब घालता घालता त्यांचा हात थांबला. ऑपरेशननंतर पट्टी काढून डॉक्टरीणबाईंनी हेच विचारलं होतं, "आजी, फोकस आला का आता? उन्हात जायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही." म्हणजे गच्चीवरचा तो फोन डोळ्याच्या पेशंटला होता. म्हातारं माणूस होतं कोणीतरी. आशाबाईंचे डोळे चांगले होते, सुईत दोरा ओवताना त्यांना पाहिलं होतं. मग हा कोण, ज्याच्या डोळ्यासाठी आपली सून आईच्या गुडघ्याची थाप मारते?

आता घरात विचारण्यात अर्थ नव्हता. मे महिना लागला होता. आरती अकोल्याच्या पुढच्या खेपेहून परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी, नत्थुजींकडे बडनेऱ्याला जाते असं सांगून सुभद्राबाई निघाल्या, आणि बडनेऱ्याला अकोल्याचं तिकीट काढून गाडीत बसल्या. आपणही आता थाप मारून राहिलो, हे त्यांना मूर्तिजापूर गेल्यावर जाणवलं. पण ती त्यांनी मोजली नाही.

अकोल्याचं ऊन तापलेल्या तव्यासारखं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या जहीरचा स्टुडिओ जुन्या शहरात एका गल्लीत होता. चाळिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्यानं ओळखलं, पंखा वळवून दिला, माठातलं पाणी दिलं. सुभद्राबाईंनी मोबाइलमध्ये काढून आणलेला अल्बमचा फोटो त्याच्यापुढं धरला.

"काकू, भीडभाडमध्ये होते असं. ऑटोफोकस मागं सरकते."

"एवढ्या वेळा?"

त्यानं फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"तुमी हे काम किती वर्षांपासून करून राहिले?"

"अब्बांच्या वेळपासून दुकान आहे, काकू."

"मंग तुमाले नवरी दिसली नाही, असं मी समजू का?"

जहीरनं मोबाइल परत त्यांच्या हातात दिला. "दिसली. पण फोकस मीच मागं ठेवला. नवरीनंच सांगितलं होतं तसं. बाकी साऱ्या फोटोत माह्यावर ठेवा, म्हणाली, पण थोडे फोटो असे घ्या का त्यांच्यावर राहीन. स्टेजवर ते येऊ शकत नाहीत."

"कोण हाय ते?"

"ते तिलेच विचारा. तिनं माह्यावर भरोसा टाकला. मी सांगू लागलो तर चुगली होईन." मग तो म्हणाला, "गलत काही नाही त्याच्यात. एवढं सांगतो."

गलत काही नाही, असं जो आपणहून सांगतो त्याच्यावर सुभद्राबाईंनी आजवर कधी विश्वास ठेवला नव्हता. त्यांनी ऑटो केला आणि सरळ विहिणीच्या घरी गेल्या, न कळवता.

फाटक उघडंच होतं. ओसरीत कूलरसमोर बाजेवर एक माणूस बसला होता. डोळ्यांना काळा, बाजूनं बंद असलेला चष्मा, ऑपरेशननंतर देतात तो. टोपी नव्हती, पण दाढी तीच, कपाळावरच्या आठ्या त्याच. पावलांचा आवाज ऐकून त्यानं विचारलं, "कोण हाय?"

आशाबाई आतून पेल्यात ताक घेऊन आल्या आणि जागीच थांबल्या. सुभद्राबाई त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्या गळ्याकडे बघत होत्या. काळ्या मण्यांची पोत होती, मध्ये दोन वाट्या. लग्नात, साखरपुड्यात, मुलगी पाहायच्या दिवशीही, हा गळा मोकळा होता.

"हे कवापासून?" त्यांनी विचारलं.

"बसा, ईनबाई."

"मी विचारून राहिली, हे कवापासून?"

आशाबाईंनी पेला खाली ठेवला. "आमचं लग्न झालं तवापासूनच. पोरीच्या सोयरिकीपुरतं काढून ठेवलं होतं. हे आरतीचे बाबा."

बाजेवरचा माणूस उभा राहिला. काही धरायला शोधावं तसा त्याचा हात हवेत फिरला, मग त्यानं दोन्ही हात जोडले. "मी चंद्रभान."

"वडील नाहीत," हे नत्थुजींचे शब्द सुभद्राबाईंना आठवले. वारले असं कोणीच म्हटलं नव्हतं. त्यांनी स्वतःच तसं धरून घेतलं होतं, आणि सगळ्यांनी त्यांना तसं धरू दिलं होतं.

त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माही पोत माह्या नणंदेनं तोडली होती, आशाबाई. तेराव्या दिवशीही त्यातले मणी मी केरातून वेचून राहिली होती. तुमी तुमची कपाटात ठेवली. आन् हळदीच्या दिवशी माह्या बाजूले येऊन म्हणाल्या, आपण दोघी सारख्याच, आपण मागं बसू. आठवते?"

"आठवते," आशाबाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि ते त्या येऊ देत नव्हत्या. "तेवढं माह्याकडून फार वाईट झालं. बाकी सारं पोरीसाठी केलं म्हणता येते. ते नाही म्हणता येत."

"तिचं नका धरू मनात," चंद्रभान म्हणाले. "हे सारं माह्यापासून सुरू झालं." मग त्यांनी उभ्यानंच सांगितलं. सांगण्याची सवय नसल्यानं मध्ये मध्ये थांबत.

त्यांचा मंडपाच्या लाइटचा धंदा होता. आरती सातवीत असताना एका वरातीत जनरेटरच्या वायरचं वरचं रबर फाटलं होतं. त्यांच्या लक्षात आलं होतं. वरात पोहोचली की चिकटपट्टी लावू, असं म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. वरातीतली एक छोटी मुलगी नाचता नाचता दमली, आणि तिनं फोकसचा लोखंडी स्टँड धरला. "तिनं नवा घागरा घातला होता," चंद्रभान म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. निष्काळजीपणाचा गुन्हा लागला, शिक्षा झाली. सुटून आले तेव्हा आशाबाईंच्या भावानं अट घातली, पोरीचं लग्न होईस्तोवर घरात पाय ठेवायचा नाही, नाहीतर या घरात कोण सोयरीक करेल. ते मोर्शीकडे गेले, संत्र्यांची प्रतवारी होते त्या शेडवर राहिले. पुन्हा वायरला हात लावला नाही.

"लग्नात तं लावला," सुभद्राबाई म्हणाल्या.

"बॅटरीचा होता. वायर नव्हती त्याले. तरी दहा वेळा पाहून घेतला." त्यांनी चष्मा सरळ केला. "मांडवात यायले दुसरा रस्ता नव्हता. लाइटवाल्याच्या तोंडाकडे कोणी पाहत नाही. लाइटचं काम घेणारा माहा जुना सोबती. त्याच्या हातापाया पडलो, म्हटलं, एक दिवस मले उभा राहू दे. सारा वेळ भेव एवढंच होतं का कोणतं लेकरू जवळ येईन."

पाठवणीच्या फोटोतला तो आडवा हात सुभद्राबाईंना दिसला. तो कोणाला अडवत होता ते आता कळलं. त्या खुर्चीवर बसल्या. राग होता, जागचा हललाही नव्हता, पण त्याला कुठं टेकवावं ते समजेना.

"माह्या पोराले हे माहीत हाय का?" त्यांनी विचारलं.

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "जावई पाया पडले होते," चंद्रभान हळूच म्हणाले. "स्टेजच्या मागं, मोजडी नीट करायचं निमित्त करून."

ताक त्यांनी घेतलं नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून त्या बाहेरची उन्हानं काळी पडलेली शेतं बघत राहिल्या. महिनाभर त्यांना वाटत होतं, सून काहीतरी लपवते आणि आपला पोरगा भोळा आहे. पोरगा भोळा नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. "तुले माहीत होतं."

गजेंद्रनं नाकारलं नाही. "साखरपुड्याच्या आधीपासून. आरतीनंच सांगितलं."

"आन् मले कावून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं हे लग्न होऊ देलं असतं का तू?"

होऊ दिलं असतं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग वाकून चप्पल काढली. जेलमध्ये जाऊन आलेल्या माणसाची पोरगी, एवढं एक वाक्य कानावर पडलं असतं तर त्यांनी नत्थुजींना चहासुद्धा पाजला नसता. आरती भिंतीला टेकून उभी होती. तिनं माफी मागितली, पण फोटोंची नाही. "ते फोटो मी पुन्हा तसेच काढायले लावीन, आई," ती म्हणाली. "मले माह्या लग्नात माहे बाबा पाह्यचे होते."

घरात बोलणं तुटलं. सुभद्राबाई वेगळ्या वेळी जेवत, खालच्या क्लासचा आवाज आला की दार लावून घेत. आपल्याच घरात आपल्या पाठीमागं एवढं चाललं होतं, याचं त्यांना दुःख होतं. आणि आपला संशय खरा निघाला याचं समाधान काही केल्या वाटत नव्हतं. आपण सगळ्यांवर नजर ठेवतो म्हणूनच सगळे आपल्यापासून चोरून ठेवतात की काय, असा एक नवा संशय आता त्यांच्या मागं लागला, आणि तो स्वतःवरचा होता.

त्या वर्षी अधिकमास होता. अधिकात जावयाला बोलावून धोंड्याचं वाण द्यायचं असतं. आशाबाईंचं बोलावणं आधीच येऊन गेलं होतं. त्याचं पुढं काय, हे विचारायची गजेंद्रची हिंमत नव्हती. एका सकाळी सुभद्राबाईंनीच विषय काढला. "धोंड्याले जा दोघं. मी बी येतो."

"तू? तू काहाले?"

"काऊन, मले नाही बोलावत का कोणी?"

अकोल्याच्या घरी आशाबाईंचा भाऊ आला होता. जाडजूड, मिशीवाला, सगळीकडे आपणच बोलणारा. सुभद्राबाईंना फाटकात पाहून तो गडबडला. ओसरीत चंद्रभान होते, काळा चष्मा आता गेला होता. भाऊ लगबगीनं पुढं झाला. "या, या. हे आपले असेच, ओळखीतले, मोर्शीहून आले..."

"मले माहीत हाय कोण हाय ते," सुभद्राबाई म्हणाल्या. "माह्या सुनेचे वडील हाय. वाण तेच देतीन. तुमी जरा बाजूले सरका, त्यांले पाटावर बसायचं हाय."

भाऊ सरकला. आशाबाई दारातच खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. चंद्रभानांनी जावयाच्या हातात अनारशांचं ताट दिलं तेव्हा ते एका बाजूला कललं. गजेंद्रनं खालून आधार दिला, नाहीतर ताट पडलं असतं. जेवताना पंगतीत आशाबाई सुभद्राबाईंच्या बाजूला येऊन बसायला निघाल्या. सुभद्राबाईंनी मान हलवली. "तुमी तिकडं बसा, त्यांच्या जवळ." त्या बोलण्यात माया होती की अजून राग होता, ते आशाबाईंना समजलं नाही. खरं तर सुभद्राबाईंनाही नाही.

उन्हं कलल्यावर तिघं परतीच्या गाडीत बसले. बोरगाव गेल्यावर सुभद्राबाईंनी पाय वर घेतले, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि सुनेकडे पाहिलं.

"आता अजून काही राहिलं का मले सांगायचं?"

"नाही, आई."

"गजू, तुह्यं?"

गजेंद्र खिडकीबाहेर बघत होता. "काही नाही," तो म्हणाला.

दोघांपैकी आरतीवर त्यांचा विश्वास बसला.